‘झुंड’मधील मोनिका आणि पात्रतेचा प्रश्न : मुलींच्या फुटबॉलच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्रात ‘पात्रता’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळविण्यासाठी जे सामने खेळावे लागतात त्यांना पात्रता फेरी असे म्हणतात. त्याचबरोबर वय, नागरिकत्व, रहिवास आणि नोंदणी यांविषयीच्या ज्या अटी खेळाडूने मैदानात उतरण्यापूर्वीच पूर्ण करावयाच्या असतात, त्यांनाही पात्रताच म्हटले जाते. पहिली पात्रता खेळाने सिद्ध होते, तर दुसरी कागदाने. क्रीडाविषयक लेखनात पहिल्या पात्रतेची चर्चा विपुल होते. दुसरी मात्र कार्यालयीन बाब समजून दुर्लक्षिली जाते. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. या दुसऱ्या पात्रतेला त्याने कथानकाच्या केंद्रस्थानी आणले, हे त्याचे वेगळेपण होय.

या चित्रपटाची चर्चा प्रामुख्याने अमिताभ बच्चन यांची भूमिका, झोपडपट्टीतील नवोदित कलावंत आणि जातवास्तवाचे चित्रण या अंगांनी झाली. रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या मोनिका या आदिवासी मुलीच्या उपकथानकाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत लेखात या उपकथानकाची चिकित्सा करण्यात आली असून, आशियाई युवती फुटबॉल स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या आणि गोंदिया जिल्ह्यासारख्या प्रदेशातील मुलींच्या खेळाची वाट यांच्या संदर्भात तिचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

चित्रपटाची पार्श्वभूमी

‘झुंड’ची प्रेरणा नागपुरातील एका प्रत्यक्ष कार्यात आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास नागपूरच्या वस्त्यांतील मुलांसाठी ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू केले. पुढे हेच कार्य ‘स्लम सॉकर’ या नावाने देशभर ओळखले गेले आणि २०१६ मध्ये त्यास जागतिक फुटबॉल महासंघाचा म्हणजे फिफाचा विविधता पुरस्कार प्राप्त झाला. बेघर व वंचितांसाठी भरविल्या जाणाऱ्या ‘होमलेस वर्ल्ड कप’ या स्पर्धेची सुरुवात २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाली. या स्पर्धेत भारतीय संघ पाठविण्याचे श्रेयही याच कार्याला जाते.

चित्रपटात या प्राध्यापकाचे नाव विजय बोराडे असे आहे. महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे. भर पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडत खेळणारी मुले बोराडे यांना दिसतात. ते त्यांच्यासाठी चेंडू आणतात, प्रारंभी पैसे देऊन त्यांना खेळावयास लावतात आणि पुढे महाविद्यालयाच्या संघाशी त्यांचा सामना घडवून आणतात. चित्रपटाचा पूर्वार्ध या सामन्याकडे वाटचाल करतो. उत्तरार्धात झोपडपट्टीतील खेळाडूंची राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा, परदेशातील स्पर्धेसाठी भारतीय संघाची निवड आणि निवडलेल्या खेळाडूंची पारपत्र म्हणजे पासपोर्ट मिळविण्यासाठीची धडपड येते. मोनिकाचा प्रवेश या उत्तरार्धात होतो.

वंचितता : पात्रता आणि अपात्रता

बेघरांच्या या स्पर्धेचे नियम समजून घेतल्याशिवाय मोनिकाच्या उपकथानकाचा अर्थ पूर्णपणे उलगडत नाही. अन्य कोणत्याही स्पर्धेत खेळाडूने आपली श्रेष्ठता सिद्ध करावयाची असते. येथे त्यासोबत आपली वंचितताही सिद्ध करावी लागते. निवाऱ्याच्या, उपजीविकेच्या वा आश्रयाच्या प्रश्नाने ग्रासलेल्या व्यक्तीसच या स्पर्धेत खेळता येते आणि तेही आयुष्यात एकदाच. म्हणजेच मोनिकाचे दारिद्र्य आणि तिचे परिघाबाहेरचे जिणे हीच तिची स्पर्धेसाठीची पात्रता होय. परंतु त्याच परिघाबाहेरच्या जिण्यामुळे तिच्यापाशी ओळखीचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून पारपत्र नाही. ज्या कारणाने ती स्पर्धेस पात्र ठरते, त्याच कारणाने ती प्रवासास अपात्र ठरते. हा पेच दिग्दर्शकाने भाषणातून सांगितलेला नाही. वडिलांना सोबत घेऊन एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाणाऱ्या मुलीच्या पायपिटीतून तो प्रेक्षकांसमोर येतो.

या पायपिटीची मांडणी लक्षणीय आहे. येथे कोणी खलनायक नाही. भेटणारा प्रत्येक जण आपापल्या नियमाचे पालन करीत असतो, आणि एक कागद मिळविण्यासाठी दुसरा कागद आधीच हाती असावा लागतो. ही मुलगी कोण आहे हे तिच्या गावाला ठाऊक आहे. तिला ओळखण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते मात्र तिला ओळखत नाहीत. ग्रामीण व आदिवासी भागात अध्यापन करणाऱ्यांस जातीचा दाखला, रहिवासी दाखला, जात पडताळणी आणि शिष्यवृत्ती यांच्या निमित्ताने हा अनुभव दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात येत असतो. म्हणूनच ही दृश्ये या प्रदेशातील वाचक-प्रेक्षकांना अतिशयोक्त वाटत नाहीत.

मोनिकाच्या प्रश्नाला डॉन ऊर्फ अंकुश मसराम या नायकाचा प्रश्न समांतर ठेवलेला आहे. डॉनलाही पारपत्र मिळत नाही, परंतु त्याचे कारण नेमके उलट आहे. त्याच्यावर पोलिसांत गुन्हे नोंदलेले आहेत. शासनाच्या दप्तरात डॉनची नोंद नको इतकी आहे, तर मोनिकाची नोंदच नाही. एकाला आपल्या नोंदीतून सुटावयाचे आहे, दुसरीला नोंदीत शिरावयाचे आहे. वंचित समाजाच्या राज्यसंस्थेशी असलेल्या संबंधाची ही दोन टोके एकाच संघात आणून ठेवणे, ही ‘झुंड’च्या पटकथेची सर्वांत महत्त्वाची उपलब्धी मानावी लागेल. शहरी वस्तीतील तरुण पोलिसांच्या नजरेत सतत असतो आणि रानातल्या गावातील मुलगी कोणाच्याच नजरेत नसते, हा भेद येथे अचूक टिपला गेला आहे.

मैदानावरील मोनिका

तथापि, याच ठिकाणी चित्रपटाची मर्यादाही दिसून येते. डॉन आणि त्याच्या सोबत्यांचा खेळ प्रेक्षक प्रत्यक्ष पाहतात. महाविद्यालयाविरुद्धचा सामना दीर्घ आहे. त्यातील पिछाडी, गोंधळ, उद्दामपणा आणि हळूहळू येणारी संघभावना यांतून ही मुले फुटबॉलपटू म्हणून उभी राहतात. कागदाची अडचण येते तेव्हा त्यांच्या खेळाविषयी प्रेक्षकांच्या मनात कोणतीही शंका उरलेली नसते. मोनिकाच्या वाट्याला असा सामना येत नाही. तिच्या खेळाला पटकथेत फारच अल्प अवकाश मिळतो आणि तिची ओळख कागदासाठी वणवण करणारी मुलगी अशीच मनावर ठसते. ती बचावपटू म्हणून चांगली आहे की आक्रमक म्हणून, दडपणाखाली ती कशी खेळते, सहकाऱ्यांना ती काय सांगते, याविषयी प्रेक्षकांच्या स्मरणात काहीच राहत नाही.

या आक्षेपास एक उत्तर संभवते. ‘झुंड’ हा विजयगाथा सांगणारा क्रीडापट नाही. परदेशातील स्पर्धेचा निकाल हा त्याचा विषय नसून विमानाचे उड्डाण हाच त्याचा शेवट आहे. भिंत ओलांडणे हीच येथे स्पर्धा आहे, त्यामुळे मोनिकाचा खेळ दाखविण्याची आवश्यकता नव्हती, असे म्हणता येईल. हे उत्तर अंशतः ग्राह्य आहे. परंतु मग तोच न्याय मुलांनाही लागू व्हावयास हवा होता. मुलांसाठी चित्रपटाने मैदान आणि कार्यालय अशा दोन्ही पात्रता फेऱ्या योजल्या. मुलीसाठी केवळ कार्यालयाची फेरी ठेवली. लेकुरवाळी असूनही मैदानात उतरणारी रझिया ही या चित्रपटातील आणखी एक उल्लेखनीय स्त्री होय. परंतु तिच्याही बाबतीत खेळापेक्षा संसारातील संघर्षच अधिक लक्षात राहतो. भिंतीपलीकडील महाविद्यालयीन युवती तर मुख्यतः प्रेक्षक म्हणूनच वावरते.

‘सैराट’ (२०१६) या चित्रपटात याच दिग्दर्शकाने याच अभिनेत्रीकडून ट्रॅक्टर व बुलेट चालविणारी, निर्णय घेणारी आर्ची उभी केली होती, हे ध्यानात घेता मोनिकाच्या हालचालींवरील हा संकोच अधिकच जाणवतो. आर्चीच्या मोकळेपणामागे पाटलाच्या घरातील सत्ता होती आणि मोनिकापाशी अशी कोणतीही सत्ता नाही, हे खरे. तथापि मोनिकापाशी जी एकमेव शक्ती होती ती तिच्या खेळात होती, आणि तीच पडद्यावर पुरेशी आली नाही.

हा केवळ कलात्मक न्यूनाचा प्रश्न नाही. मुलींच्या खेळाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते तिचे हेच स्वरूप आहे. मुलीने घरातील विरोध कसा मोडला, गरिबीवर कशी मात केली, हे आवर्जून सांगितले जाते. ती कशी खेळली, हे क्वचितच सांगितले जाते. तिचा संघर्ष कौतुकास पात्र ठरतो, तिचा खेळ मात्र चिकित्सेस पात्र ठरत नाही. या सवयीचा प्रभाव ‘झुंड’सारख्या सजग कलाकृतीवरही राहिला, असे खेदाने नमूद करावे लागते.

यजमानपद आणि अर्जित पात्रता

ज्या वर्षी ‘झुंड’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी भारतात महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा झाल्या. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये महिला आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे भरली. कोविडबाधित खेळाडूंमुळे यजमान भारतीय संघाला त्या स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली. या विश्वचषकात भारताला पात्रता फेरी खेळावी लागली नव्हती, यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला होता. परिणाम सर्वज्ञात आहे. अमेरिकेविरुद्ध ०–८, मोरोक्कोविरुद्ध ०–३ आणि ब्राझीलविरुद्ध ०–५ असे तिन्ही सामने भारताने गमावले. १६ गोल स्वीकारले, एकही नोंदविला नाही.

या निकालाचा दोष त्या मुलींना देणे अन्यायकारक ठरेल. त्या संघाची कर्णधार अस्तम उरांव ही झारखंडमधील गुमला जिल्ह्यातील होती आणि संघातील तिच्यासह अनेक मुली झारखंडच्या ग्रामीण भागातून आल्या होत्या. चित्रपटातील मोनिकाच्या या प्रत्यक्षातील भगिनी होत. त्यांच्यापाशी कागद होता, गणवेश होता, प्रशिक्षक होते. उणीव होती ती चुरशीच्या सामन्यांची. पात्रता फेरी ही केवळ चाळणी नसते, तिच्यातून संघ घडत असतो, ही बाब या तीन निकालांनी अधोरेखित केली.

याच्या उलट चित्र २०२५ मध्ये दिसून आले. ऑगस्ट २०२५ मध्ये म्यानमारमधील यांगून येथे २० वर्षांखालील महिला आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारताने पहिला सामना इंडोनेशियाशी ०–० असा बरोबरीत सोडविला, दुसऱ्यात तुर्कमेनिस्तानला ७–० असे नमविले आणि तिसऱ्यात यजमान म्यानमारवर १–० असा विजय मिळवून २० वर्षांनंतर या स्पर्धेत स्थान मिळविले. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरगिझस्तानमधील बिश्केक येथे १७ वर्षांखालील संघाने यजमान किरगिझस्तान आणि उझबेकिस्तान या दोघांवर प्रत्येकी २–१ अशी मात केली. उझबेकिस्तानविरुद्धचा विजय तर पिछाडीवरून मिळविलेला होता. या वयोगटात पात्रता फेरी जिंकून भारत प्रथमच आशियाई स्पर्धेस पात्र ठरला. त्याच वर्षी जुलैमध्ये वरिष्ठ संघानेही थायलंडला त्यांच्याच भूमीवर पराभूत करून आशियाई चषकाची पात्रता मिळविली होती.

या निकालांचे दोन अर्थ प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, २० वर्षांखालील संघाची वाटचाल बरोबरीपासून सुरू झाली. गटवार साखळी पद्धतीमुळे पहिल्या सामन्यातील अपूर्णता पुढील दोन सामन्यांत भरून काढण्याची संधी संघाला मिळाली. दुसरा अर्थ असा की, हे सामने यांगून व बिश्केक येथे होते. म्हणजे मैदानावरील पात्रता सिद्ध करण्यासाठीदेखील पारपत्र आधीच हाती असणे अनिवार्य होते. मोनिकाचा प्रश्न बेघरांच्या स्पर्धेपुरता मर्यादित नाही, तो प्रत्येक वयोगट स्पर्धेच्या उंबरठ्यावर उभा आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याच्या सीमा मध्यप्रदेश आणि छत्तीसगड या राज्यांना भिडलेल्या आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत आदिवासी वस्ती लक्षणीय असून देवरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. धानाची शेती, जंगल आणि आश्रमशाळा या परिसरात वाढणाऱ्या मुलींच्या अंगी धावण्याची ताकद उपजतच असते, असे क्रीडाशिक्षक नेहमी म्हणतात. परंतु अशा गौरवोद्गारांनी प्रश्न सुटत नाही. येथे कबड्डी व खो-खो यांची परंपरा दृढ आहे. त्या तुलनेत मुलींचा फुटबॉल संघ उभा राहण्यासाठी अकरा मुली, सपाट मैदान आणि संध्याकाळी गावी परतण्याची सोय या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात.

शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी आहे. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. सामने बाद पद्धतीने झाले की पहिल्या फेरीतील निम्मे संघ एकच सामना खेळून घरी परततात. सालेकसा वा देवरीहून जिल्ह्याच्या ठिकाणी आलेल्या मुलींचा वर्षभराचा फुटबॉल अशा रीतीने एका तासात संपू शकतो. यांगूनमध्ये पहिल्या दिवशी बरोबरीत अडकलेल्या राष्ट्रीय संघाला आणखी दोन सामने मिळाले. गोंदियातील शाळेच्या संघाला मात्र पहिल्याच दिवशी निर्णायक ठरावे लागते. ज्यांना सामन्यांची गरज सर्वाधिक त्यांनाच सर्वांत कमी सामने मिळावेत, ही या रचनेतील मूलभूत विसंगती होय. वेळ, निधी आणि मैदानांची उपलब्धता यांमुळे आयोजकांना बाद पद्धत स्वीकारावी लागते, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. तथापि तिचा भार कोणावर पडतो, याचा विचार होणे आवश्यक आहे.

येथेही कागद मैदानाच्या आधी येतो. वयोगट स्पर्धेचा सर्व डोलारा जन्मतारखेवर उभा असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शाळेत नाव घालतेवेळी गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही जन्मतारीख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. शाळेच्या नोंदवहीतील तारीख आणि आधारपत्रावरील तारीख यांत तफावत आढळली की खेळाडूच्या हेतूविषयी शंका घेतली जाते, आणि चूक मात्र तिच्या अजाणत्या वयात दुसऱ्या कोणीतरी केलेली असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार त्या दिनांकानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मप्रमाणपत्र हाच प्रमुख पुरावा झाला आहे. त्यामुळे आज वाडीवर जन्मणाऱ्या मुलीची नोंद वेळेवर होणे, ही तिच्या भावी पात्रता फेरीचीच पूर्वतयारी ठरते.

दुसरीकडे कागदाचे आकर्षणही आहे. दहावी-बारावीतील क्रीडा गुण आणि शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राला मोल आले आहे. गरीब कुटुंबाने या लाभाकडे आशेने पाहणे पूर्णतः समर्थनीय आहे. मात्र खेळ हा प्रमाणपत्रापुरता उरला की, ज्या स्पर्धेत संघ कमी तेथे नाव नोंदविण्याची वृत्ती बळावते आणि प्रत्यक्ष सराव मागे पडतो. तेव्हा मोनिकाच्या कथेतील क्रम उलटा होतो. कागद हाती येतो, खेळ मात्र हरवतो.

समारोप

‘झुंड’ने पात्रता या संकल्पनेची दुसरी बाजू प्रकाशात आणली, हे त्याचे निर्विवाद योगदान आहे. स्पर्धेपूर्वीची ही अदृश्य फेरी वंचित खेळाडूंसाठी अनेकदा मुख्य स्पर्धेपेक्षा कठीण असते, हे मोनिका आणि डॉन यांच्या समांतर कथांतून प्रभावीपणे व्यक्त होते. परंतु मोनिकाला कागदाच्या फेरीतून पार करताना चित्रपटाने तिला मैदानाची फेरी पुरेशी दिली नाही. २०२२ च्या विश्वचषकात यजमान संघाच्या बाबतीत जे घडले त्याच्याशी या न्यूनाचे साम्य आहे. तेथेही मुलींना प्रवेश मिळाला, प्रवेशापूर्वीचे सामने मिळाले नाहीत. २०२५ च्या पात्रता फेऱ्यांनी दाखवून दिले की, सामने मिळाल्यास त्याच मातीतील मुली परक्या मैदानावर यजमानांनाही हरवू शकतात.

या चिकित्सेतून महाविद्यालयांसाठी एक कर्तव्य सूचित होते. ‘झुंड’मधील भिंत महाविद्यालयाचीच आहे, हा तपशील अध्यापकवर्गाने विसरता कामा नये. जिल्ह्यातील महाविद्यालयांची मैदाने सुटीच्या काळात रिकामी असतात. परिसरातील शाळा व आश्रमशाळांच्या मुलींसाठी त्या मैदानांवर छोट्या साखळी स्पर्धा भरविल्यास, आणि त्याच वेळी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून खेळाडूंच्या जन्मनोंदी व दाखले तपासून दिल्यास, दोन्ही पात्रतांचे काम एका छताखाली होऊ शकेल. त्यातून लगेच राष्ट्रीय खेळाडू घडतील असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र देवरीच्या एखाद्या मुलीला वर्षात एकाऐवजी पाच सामने खेळावयास मिळतील आणि तिच्याविषयी बोलताना तिच्या अडचणींबरोबरच तिच्या खेळाविषयीही काही सांगता येईल.